मधली मोकळी जागा

शिमोन वोंद्रा गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. त्याचा मुलगा प्रोकोप लग्नांतून गात असे. प्रोकोपचा आलोइस ऑपेराच्या समूहगायकांत जन्मभर मागच्या रांगेत उभा राहिला. आणि आलोइसचा रादिम... तो नायक झाला.

सांगते ते घडलेलं आहे. ज्याला पटायचं नसेल त्याने इथूनच उठावं.

नोव्हेंबरातल्या संत मार्टिनच्या सणाची संध्याकाळ. ओपावा शहराचं नाट्यगृह. रादिमचा निरोपाचा प्रयोग.

दोन अंक त्याने कसेबसे रेटले. अखेरच्या गाण्याआधी आवाज पार बसला.

"पडदा पाडायला सांगा," बायको ब्लाझेना विंगेत त्याची बाही धरून म्हणाली. "हसं होईल तुमचं."

"आडोशाला उभं राहून गायला आज ओताकारकाका नाही गं," तो घोगरेपणाने म्हणाला.

ओताकार व्लासाक समूहातला म्हातारा गायक. रादिमच्या पहिल्या मोठ्या प्रयोगात असाच गळा बसला, तेव्हा पडद्याआडून ओताकार गायला होता. रादिमने नुसते ओठ हलवले. टाळ्या रादिमला. नाव रादिमचं.

"टाळ्या ठेव तुझ्याकडे, पोरा," ओताकार हसला होता. "मागेन तेव्हा दे."

न मागताच तो देवाघरी गेला.

तिथली एक रीत आहे. रंगमंचावर निघालेल्याला शुभ व्हावं म्हणून "मान मोडो तुझी!" म्हणत मागून गुडघा हाणायचा. ज्याला बसला त्याने आभार मानायचे नाहीत. मानले, की शुभ उलटतं. रादिमला तो गुडघा नेहमी ओताकारच हाणत असे, म्हणून रादिमने त्याचे आभार कधीच मानले नव्हते.

वाद्यं सुरू झाली.

आणि रादिम एकदम पुढे हेलपाटला...

"कोणी मारलं?" ब्लाझेना गर्रकन वळली.

मागे भिंत होती. नुसती भिंत.

मग वास आला... शहाजिऱ्याचा. गाण्यापूर्वी ओताकार तेच चघळत असे.

रादिम पांढराफटक पडला. मग हळूच म्हणाला, "आभारी आहे, ओताकारकाका."

"अहो! आभार नाही मानायचे!"

"आज मानायचेच आहेत."

तो उजेडात गेला. त्याने तोंड उघडलं.

आवाज उमटला... भरदार, वरच्या सुराआधी किंचित थरथरणारा. रादिमचा नव्हता तो. ब्लाझेनाने पाहिलं, त्याच्या गळ्याची शीरसुद्धा हलत नव्हती.

समूहातल्या म्हाताऱ्या झ्देन्काने छातीवर क्रूसाची खूण केली. "अगं बाई... हा तर आमचा ओताकार!"

रादिम त्यानंतर कधी गायला नाही. ब्लाझेना आता ऐंशीची आहे. तिच्या घरात शहाजिरं येत नाही. का, ते विचारलेलं तिला चालत नाही.

पण त्या संध्याकाळी गाणं संपलं तेव्हा रादिम मध्यभागी आला नाही. बाजूला सरला. मधल्या मोकळ्या जागेकडे हात केला आणि स्वतःच टाळ्या वाजवू लागला. लोक आधी गोंधळले. मग सगळं नाट्यगृह उभं राहिलं.

रंगमंचाची मधली फळी करकरली...

जणू कुणी वाकलं. बराच वेळ वाकून राहिलं.

टाळ्या थांबल्या, तेव्हाच ती फळी पुन्हा करकरली. ओताकारचं होतं ते ओताकारला पोचलं. सगळंच्या सगळं.