लाओयाव, बोगदा आला

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. मी लोंग ग्वेशियांग, ग्वेचौच्या डोंगरातली. गेल्या हिवाळ्यात, नववर्षाच्या थोडं आधी, समुद्राकाठच्या शहरातून आमच्या गावाकडे येणाऱ्या बसमध्ये हे घडलं. माझ्यासोबत. आणि तेही दिवसाढवळ्या.

माझ्या मांडीवर माझा धाकटा भाऊ होता.

म्हणजे त्याची राख. बांधकामावर परांचीवरून पडला. कंत्राटदारानं डबा हातात ठेवला आणि मान फिरवली, मेल्यानं.

आई फोनवर एवढंच म्हणाली, "पोरी, माझ्या लेकराला घरी आण. वाटेत पूल आला, बोगदा आला की त्याला हाक मार. गेलेल्या माणसाला नव्या वाटा कळत नाहीत. हाक चुकली तर तो तिथंच उभा राहील... कायमचा."

"काय म्हणून हाक मारू?"

"घरच्या नावानं. शाळेतल्या नावाला त्यानं कधी ओ दिलीय?"

घरी आम्ही त्याला लाओयाव म्हणायचो. म्हणजे शेंडेफळ.

राख आहे म्हटलं तर कुठला ड्रायव्हर बसमध्ये घेईल? मी डबा गोधडीत गुंडाळला.

"काय गं त्यात?" ड्रायव्हरनं विचारलं.

"लोणच्याची बरणी, उस्ताद."

"ग्वेचौला लोणचं नेतेस? तिथं काय दुष्काळ पडलाय लोणच्याचा?"

सगळी बस हसली. मीही हसले. काय करणार?

माझ्या शेजारची सीट मी त्याच्यासाठी घेतली होती. डबा मांडीवर राहील, पण त्याला उभ्यानं कसं आणायचं?

त्या बसचं काय सांगू! गुडघे पुढच्या सीटमध्ये रुतलेले, खिडकी बंद होईना, मागे कुणीतरी पिशवीत ओकतंय, पुढचा म्हातारा विडीवर विडी ओढतोय. पलीकडे एक मावशी बदकांची टोपली घेऊन बसलेली.

"अगं, ही जागा रिकामीच आहे ना? माझी बदकं ठेवू?"

"माणूस आहे तिथं."

"कुठाय?"

"येतोय."

मावशीनं तोंड वाकडं केलं. "लोणच्याला पण सीट लागते वाटतं हल्ली!"

पहिला पूल आला. मी गोधडीवर वाकले आणि हळूच म्हणाले, "लाओयाव, पूल आला. ये माझ्यासोबत."

काहीच नाही.

पूल संपला... आणि शेजारची रिकामी सीट कुरकुरली.

कुणी टेकल्यावर कुरकुरते ना, तशी.

मला भीती वाटली नाही हो. रडू आलं. म्हटलं, आहे माझा भाऊ, येतोय. मग वाटभर मी त्याच्याशी बोलत राहिले. पूल आला रे. वळण आहे, सांभाळ. आई वाट बघतेय, शेकोटी पेटवून बसली असेल. सीट अधूनमधून कुरकुरायची. एवढ्या त्रासाच्या प्रवासात तेवढाच काय तो आधार.

दुपारी धुकं उतरलं. डोंगरावरून दगड आले होते, म्हणून मोठ्या बोगद्याच्या तोंडाशी गाड्या अडकल्या. बस थांबून राहिली. पाय सुजले.

शेवटी वाट मोकळी झाली. आत शिरताना ड्रायव्हरनं लांबलचक हॉर्न दिला.

समोर तर कुणीच नव्हतं.

"कुणासाठी वाजवलात, उस्ताद?"

"आत पोरं आहेत," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम उतरला होता. "बोगदा खोदताना दबून आतच राहिली. इथून जाणारे सगळेच वाजवतात. जास्त विचारू नकोस, बाई."

आत दिवे बंद होते. मी घाईघाईनं म्हणाले, "लाओयाव, बोगदा आला! माझ्या मागोमाग ये."

बदकं गप्प झाली.

आणि मग...

"आलो, ताई."

आवाज शेजारून आला नाही. खिडकीबाहेरून आला... भिंतीकडून.

सीट कुरकुरली.

मग पुन्हा एकदा कुरकुरली.

मी त्याच्या आवाजाला आसुसलेली होते हो. वेड्यासारखी म्हणत राहिले, "ये रे बाळा, ये, बस."

उजेडात आलो तेव्हा सीटकडे पाहिलं. ती भिजलेली होती. वर लाल चिखल. बदकवाली मावशीही बघत होती. ती टोपली उचलून मागे जाऊन बसली.

घरी पोचले तेव्हा आई दारात उभी होती. तिनं डबा छातीशी धरला आणि हंबरडा फोडला. मग डोळे पुसून पान मांडलं. भाताचा वाडगा, मिरच्या घातलेलं मटण, आणि जेवायच्या काड्या वाडग्याच्या डाव्या बाजूला. भाऊ डावखुरा होता. लहानपणी त्यावरून मार खाल्ला, पण हात बदलला नाही. आई म्हणाली, "त्याला निवांत जेवू दे," आणि आम्ही दार ओढून बाहेर बसलो.

थोड्या वेळानं आईनं दार उघडलं...

काड्या उजव्या बाजूला होत्या. खाली ओल्या पावलांचे ठसे.

आईनं वाकून ठशाला बोट लावलं, बोटाला लाल चिखल लागला. मग म्हणाली, "बोगद्यात काय म्हणून हाक मारलीस गं?"

"लाओयाव. तूच तर सांगितलंस..."

"हो गं, मीच सांगितलं." ती मटकन खाली बसली. "पण प्रत्येक घरात एक लाओयाव असतो, पोरी. कुणाचं तरी शेंडेफळ आलंय हे."

"मग आपला कुठाय, आई?"

"उठला असेल. हा बोगद्यात उभा दिसला असेल, आपली जागा याला देऊन तो तिथंच उतरला असेल. कुणी ताटकळलेलं बघवायचं का त्याला कधी?"

आई रडली, पोटभर रडली. पण तिनं त्या पोराला हाकललं नाही. काड्या उजवीकडेच राहू दिल्या, वाडग्यात अजून थोडा भात वाढला आणि म्हणाली, "जेव, बाळा. लांबून आलास."

त्यानंतर मी त्या वाटेनं पुन्हा गेले आहे. आता शाळेतल्या पूर्ण नावानं हाक मारते, लोंग चेंगच्वान. कुणी ओ देत नाही. सीट कुरकुरत नाही. बोगदा येतो आणि जातो.

घरचं नाव ओठांवर येतं. त्या नावानं हाक मारली तर तो येईलही... पण आत अजून कितीजण कान देऊन उभे असतील, कोण जाणे. आणि त्यांच्यातल्या कुणी "आलो, ताई" म्हटलं, तर त्याला नको कुठल्या तोंडानं म्हणू?