थेंबातली साखर कुणाची?

दाजीच्या छातीवरच्या पडद्यावर चारशे बारा हा आकडा उमटला आणि शलाकाला तो काही केल्या पटेना.

दाजी म्हणजे पाटोळ्यांच्या घरचा यंत्रमानव. पहिल्या दिवशी खोक्यातून बाहेर काढल्यावर तो अंगणात ताठ उभा राहिला आणि कुणी या, बसा म्हणेपर्यंत जागचा हलला नाही. शलाकाची आई म्हणाली, हा तर मानपानाची वाट बघणारा दाजी दिसतोय. तेच नाव त्याला चिकटलं. स्वयंपाकात त्याला काडीची गती नव्हती, पण आबांची तब्येत सांभाळण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

शलाकाचे आजोबा आबा, म्हणजे डॉ. रणजित पाटोळे, हे मोठे जीवरसायनशास्त्रज्ञ. उभी हयात त्यांनी विकरांच्या (शरीरातली रासायनिक कामं झटपट उरकणाऱ्या प्रथिनांच्या) अभ्यासात घालवली आणि निवृत्त झाल्यावर सावळज गावी येऊन बेदाणा वाळवायची शेड उभी केली. मधुमेह त्यांच्या जुन्या ओळखीचा. रक्तातली साखर सतत मोजणारी एक चकती त्यांच्या दंडावर असे, पण शेडमधल्या घामानं ती सुटून पडली होती आणि नवी सोमवारी यायची होती. तोवर जुनीच रीत चालू होती. बोट टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा आणि पट्टी दाजीच्या खाचेत सरकवायची.

त्या दिवशी दुपारी शेडमधून येऊन आबा ओसरीवरच्या खुर्चीत बसले आणि दाजीनं तपासणी केली. शंभर मिलिलिटर रक्तात चारशे बारा मिलिग्रॅम ग्लुकोज! त्यानं त्याच बोटातून पुन्हा थेंब घेतला. तीनशे अठ्ठ्याण्णव. साखर फार वाढली आहे, असं सांगून तो इन्सुलिनची (रक्तातली साखर खाली आणणाऱ्या औषधाची) सुई भरू लागला.

शलाका मात्र आबांकडे बघत होती. त्यांच्या कपाळावर घाम डवरला होता. हात हातात घेतला तर थंडगार लागला, आणि बोटं थरथरत होती. एरवी हजार प्रश्न विचारले तरी न कंटाळणारे आबा, पाणी देऊ का एवढंच विचारल्यावर तिच्यावर खेकसले. आबांनीच तिला शिकवलं होतं की साखर खूप वाढली की तहान लागते आणि सारखं लघवीला जावं लागतं. साखर उतरली की दरदरून घाम येतो, हात कापतात आणि माणूस विनाकारण चिडतो. म्हणजे शरीर एक सांगत होतं आणि यंत्र दुसरंच. शरीराचं खरं असेल तर त्या सुईनं उरलीसुरली साखरही उतरली असती आणि आबा बेशुद्ध पडले असते, कदाचित पुन्हा डोळे उघडलेही नसते.

आईबाबा तासगावला बेदाण्याच्या सौद्यात (लिलावात) होते आणि तिथल्या गलक्यात फोन कुणी उचलत नव्हतं. डॉक्टरांना दाजीनं कळवलं होतं, त्यांचं उत्तर आलं नव्हतं. खुद्द आबांना विचारावं तर साखर उतरली की मेंदूलाही धड सुचत नाही. ते पुटपुटले, "दे बाबा सुई. यंत्र कशाला खोटं बोलंल?"

"दाजी, थांब," शलाका म्हणाली. "मला फेरतपासणी पाहिजे."

घरच्यांनी मागितली तर एक फेरतपासणी करायचीच, असा दाजीचा नियम होता. तो थांबला, पण भरलेली सुई त्यानं खाली ठेवली नाही.

आता फेरतपासणी करायची तरी कशी? शलाकानं डोळे मिटले आणि आबांनी पट्टीबद्दल सांगितलेलं सगळं आठवायला सुरुवात केली. पट्टीच्या टोकाला एक विकर वाळवून बसवलेलं असतं. त्याचं नाव ग्लुकोज ऑक्सिडेज. हे विकर भारी चोखंदळ. समोरून कितीही पदार्थ जावोत, ते फक्त ग्लुकोजच्या कणाला पकडतं आणि त्याच्याकडून दोन इलेक्ट्रॉन (विजेचे अतिसूक्ष्म कण) काढून घेतं. पट्टीवरचं आणखी एक रसायन ते इलेक्ट्रॉन उचलून धातूच्या बारीक रेघेपर्यंत पोचवतं. रेघेतून वीज वाहते. ग्लुकोज जास्त तर वीज जास्त, ग्लुकोज कमी तर वीज कमी. दाजी ती वीज मोजतो आणि तिच्यावरून आकडा काढतो. हे सगळं पाच सेकंदांत, आणि तेही डाळीच्या दाण्याहून लहान थेंबात! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शलाका दिवसभर ती पट्टी उलटसुलट करून बघत बसली होती. तेव्हा आबा हसून म्हणाले होते, "एक ध्यानात ठेव पोरी. पट्टीला रक्त कळत नाही. तिला फक्त ग्लुकोज कळतं."

पट्टीला रक्त कळत नाही. मग ग्लुकोज रक्ताखेरीज दुसरीकडून आलं असेल तर?

तिनं डोळे उघडले आणि आबांच्या बोटांकडे पाहिलं. सकाळपासून ही बोटं काय करत होती? जाळ्यांवरचा बेदाणा वाळला की नाही ते आबा चिमटीत दाबूनच ओळखत. एखादा कच्चा मणी फुटला की रस बोटांवर यायचा. आणि ओल्या हातांनी माल काळा पडतो म्हणून शेडमध्ये पाण्याचं नावही काढायचं नाही, असा त्यांचा दंडक. हात कोरड्या फडक्याला पुसायचे, बस्स. त्यात ग्लुकोजचं मराठी नाव द्राक्षशर्करा! बेदाण्यात तर ती ठासून भरलेली असते.

तिनं हे सांगितल्यावर दाजी शांतपणे म्हणाला, "टोचण्यापूर्वी मी बोट स्पिरिटनं पुसलं होतं. बोट स्वच्छ आहे."

वाद घालायला वेळ नव्हता. वाटीत उकळून गार केलेलं पाणी घेऊन तिनं एक थेंब नव्या पट्टीवर सोडला. पडद्यावर शून्य आलं. मग तिनं आबांचं न टोचलेलं एक बोट दाजीसारखंच स्पिरिटनं पुसलं, दुसरा थेंब त्याच्या टोकावर ठेवला, क्षणभर तिथेच राहू दिला आणि दुसऱ्या पट्टीनं टिपून घेतला. त्यात रक्ताचा लवलेशही नव्हता.

पडद्यावर आकडा आला, तीनशे तीस.

दाजीनं सुई खाली ठेवली. शलाकानं धावत जाऊन पाण्याचं भांडं आणि साबण आणला, आबांचे हात धुऊन कोरडे केले आणि दाजीनं पुन्हा बोट टोचलं. आता आकडा आला अठ्ठेचाळीस. आबांची साखर वाढलेली नव्हतीच, ती धोक्याच्या खाली गेली होती. सकाळी इन्सुलिन घेऊनही कामाच्या नादात त्यांनी जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलं होतं, हे पुढे कळलं.

शलाकानं तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून त्यांना घोट घोट पाजली. पाव तासानं आकडा ब्याण्णववर आला आणि आबांच्या डोळ्यांत ओळखीचं तेज परतलं. तेवढ्यात डॉक्टरांचाही फोन आला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आता आबांना आधी जेवू घाल म्हणाले आणि मग शलाकाला शाबासकी दिली. इतका वेळ खंबीर राहिलेली शलाका तेव्हा मात्र ढसाढसा रडली. आबांनी तिला जवळ ओढलं.

"स्पिरिटनं जंतू मरतात," ते सावकाश म्हणाले, "पण साखर विरघळायला पाणीच लागतं. मी जन्मभर हेच विकर घेऊन बसलो, अन् माझ्या ध्यानात आलं नाही. रक्ताशिवाय रक्ताची तपासणी! ही युक्ती मला सुचली न्हवती, शलाका."

त्यांच्या आवाजात कौतुक होतं. दाजीनं मात्र एक प्रश्न विचारला. "तू शाळेत असतीस तर?"

शलाकानं डोळे पुसले आणि दाजीला समोर बसवलं. आकडा आला की आधी माणसाकडे बघायचं. घाम, थरथर, चिडचिड, सगळं बघायचं. दोन्हींचा मेळ बसत नसेल तर हात साबणपाण्यानं धुऊन, पुसून पुन्हा मोजायचं. दाजीनं सगळं मनापासून शिकून घेतलं. त्याच्या जातीचे यंत्रमानव एकाचं शिकलेलं सगळ्यांना देत असत. डॉक्टरांनी धडा तपासून मान्य केला आणि दाजीनं तो पुढे पाठवला.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी दाजीकडे एक निरोप आला. कोकणातल्या कुठल्याशा गावात फणसाचे गरे काढता काढता एका मावशींना दरदरून घाम फुटला होता आणि पडद्यावर आकडा दिसत होता साडेतीनशे. तिथल्या यंत्रमानवानं सुई भरायच्या आधी त्यांना विचारलं होतं, "मावशी, हात धुतलेत का?"

आबांनी निरोप दोनदा वाचून घेतला. "मावशी कशा आहेत?" शलाकानं विचारलं.

"साखरपाणी घेऊन न्याहारीला बसल्या आहेत," दाजी म्हणाला. "बऱ्या आहेत."