‘येते हं’ म्हणाल्या ठकुबाई

आज सोमवार आहे आणि माझा उपास आहे. उपासाच्या तोंडून खोटं निघत नाही, म्हणून मुद्दाम आजच लिहायला बसले. हे माझ्या मावसबहिणीच्या, मथुराच्या घरात घडलं. बेंगळुरूत, राजाजीनगरात, मागच्या कार्तिक-मार्गशीर्षात. तिथला तांब्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

मथुरा आणि तिचे यजमान विश्वासराव यांनी सव्वीस वर्षांत नऊ भाड्याची घरं बदलली. दर खेपेला मथुरा देव टोपलीत घालायची, टोपली मांडीवर घ्यायची आणि ऑटोत बसायची. शेवटी थकलेल्या घरपट्टीपायी लिलावात निघालेलं एक जुनं बैठं घर त्यांना मिळालं.

तिनं देवांना शब्द दिला, "आता हलवणार नाही तुम्हांला."

पण घरात ठकुबाई होत्या.

मालक कधीच घर टाकून गेला होता. राखणीला ठेवलेलं जोडपं तिथंच राहिलं. त्यातला नवरा, मल्लाप्पा, अकरा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी बाहेर पडला तो परतला नाही. निपाणीकडच्या ठकुबाई एकट्याच राहायच्या. रोज दिवेलागणीला पायरीवर पाण्याचा तांब्या भरून ठेवायच्या.

तो आला तर पाय धुवायला.

ताबा घ्यायच्या दिवशी दोन सरकारी शिपाई आले. ठकुबाई उंबऱ्यावर बसून राहिल्या.

"ह्ये येतो म्हणून गेल्यात," त्या म्हणाल्या. "जातो म्हणाले असते तर मी कवाच उठले असते. मी हितनं हलले तर त्ये कुठं येतील?"

"अक्का, अकरा वर्षं झाली," विश्वासराव म्हणाले.

"मग? तुम्हाला घर मिळायला सव्वीस लागली न्हवं?"

विश्वासराव बाजूला झाले. मथुरा मात्र मागं सरली नाही. आवाज चढवणं तिच्या स्वभावात नाही. शेजारी बसून हळूच म्हणाली, "अक्का, माझे देव टोपलीत आहेत. उठा तुम्ही."

ठकुबाईंचा भाचा नरसिंह महादेवपुऱ्याहून टेंपो घेऊन आला तेव्हा त्या उठल्या. सवाष्ण बाई रिकामी जाऊ नये, म्हणून मथुरानं कुंकू लावलं, नारळ घालून ओटी भरली.

उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून ठकुबाई वळल्या.

"येते हं."

आणि जन्माच्या सवयीनं मथुरा म्हणाली, "या."

समोरची यल्लव्वा सगळं बघत होती. "अय्यो अक्का, घर सोडणाऱ्या बाईला या म्हणतात काय?"

"मग काय म्हणायचं?"

यल्लव्वा कपाळावर हात मारून आपल्या घरात गेली.

दोन आठवडे बरे गेले. ठकुबाईंचा मागं राहिलेला तो तांब्या मथुरानं घासून फळीवर पालथा घातला होता. मग एका सोमवारी, दिवेलागणीला, ती वात सारखी करत होती आणि फाटकाची कडी वाजली...

बाहेर कुणी नव्हतं.

पायरीवर मात्र... तांब्या होता. काठोकाठ भरलेला.

तेवढ्यात नरसिंहचा फोन आला. "मावशी गेली. आत्ताच, दिवे लावायच्या वेळेला."

विश्वासराव बसल्या जागी पांढरे पडले. "विकून टाकू हे घर."

"मी नाही हलायची," मथुरा म्हणाली. तिनं तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि ठकुबाई निजायच्या त्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली. आत अंधार होता. "ठकुअक्का, मी या म्हटलं, तो शब्द माझा. बसा. पण घरात दिवा मी लावणार."

आत कुणीतरी सुस्कारा टाकून... खाली बसलं.

पुढचे तीन सोमवार असंच चाललं. तांब्या फळीवरून पायरीवर यायचा. मथुरा पाणी तुळशीला घालायची आणि तांब्या परत फळीवर ठेवायची. एकदाही चुकली नाही.

चौथ्या सोमवारी कडी वाजली. तिनं पायरीवर पाहिलं...

तांब्या रिकामा.

पायरीपासून आत ओली पावलं गेलेली. मोठी, रुंद टाचेची. पुरुषाची. ती देवघरावरून गेली आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

आतून एक दमलेला आवाज आला.

"ठकू... आलो गं."

मथुराच्या हातातली काडी विझली. तिनं दुसरी ओढली. तीही विझली. तिसरीवर दिवा लागला.

मग ती त्या पावलांशेजारी जाऊन उभी राहिली. आवाज नेहमीसारखाच हळू.

"आले ना अक्का, तुमचे? वाट बघायचं काम संपलं. मी सव्वीस वर्षांनी देव मांडलेत. आता दोघं मिळून निघा."

तिनं उंबऱ्यावर नारळ ठेवला आणि दार सताड उघडलं.

 मग ओली पावलं उलटी फिरली. त्यांच्या बाजूला आता लहान पावलंही उमटत होती. उंबऱ्यापाशी ती थांबली...

"येतो आम्ही."

दोन आवाज, एकदम.

मथुरानं ओठ घट्ट मिटले. या वेळी नाही. जीव गेला तरी नाही.

मागच्या खोलीत विश्वासराव पेपर वाचत होते. मान वर न करता, सवयीनं म्हणाले,

"हं, या."

मथुरा अजून तिथंच राहते. दर सोमवारी पायरीवर तांब्या भरलेला असतो, आणि दिवा तीच लावते. "हलायचं तर त्यांनी हलावं," एवढंच म्हणते.

परवा तिच्याकडून निघताना मी उंबऱ्यावर अडले. जाते म्हणवेना. येते म्हणायचं धाडस होईना.

"काही बोलू नकोस, नुसती नीघ," मथुरा म्हणाली.

मी निघाले. फाटकाची कडी लावत होते, तेव्हा घरातून कुणीतरी मायेनं म्हणालं...

"या."

मथुराचा आवाज मला लहानपणापासून पाठ आहे. तो तिचा नव्हता.