मी मागून येते

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. हे माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलंय. तिला तिखटमीठ लावून बोलायची सवय नाही. उलट तिच्या तोंडून शब्द काढायला नाकी नऊ येतात.

रविवार होता. दुपारी तीनचा प्रयोग.

आत्या नाटकात प्रॉम्प्टर होती. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, हातात छोटी बॅटरी. कुणी अडखळलं की हळूच वाक्य पुरवायचं. सव्वीस वर्षं तिनं हेच केलं. "लोकांच्या विसराळूपणावर माझं पोट चालतं," म्हणायची.

त्या वेळी एका बुडालेल्या जहाजावरचं संगीत नाटक चालू होतं. जहाज खरंच बुडालं होतं, ऐंशी वर्षांपूर्वी. नाटकातली माणसंही खरीच.

त्यात एक आया होती. श्रीमंतांची मुलं सांभाळणारी. नाटकात ती मुलांना ढकलून होडीकडे धावते, "मला आधी चढू द्या" म्हणते, आणि पाय घसरून पाण्यात पडते.

इथं रोज टाळ्या पडायच्या.

"खरी आया बुडाली, एवढंच कागदोपत्री आहे," लेखक एकदा म्हणाला होता. "बाकी माझ्या पदरचं. नाटकाला एक भित्रं माणूस लागतंच."

त्या दिवशी सगळेच थकले होते. दोन दिवसांतला चौथा प्रयोग. आयेचं काम करणाऱ्या नटीच्या अंगात ताप. आत्याच्या पायांना सूज, डोळे आपोआप मिटत होते.

होडीचा प्रवेश आला. नटी होडीजवळ धावत आली...

आणि थांबली. वाक्यच विसरली.

आत्या पुटपुटली, "मला आधी..."

तेवढ्यात तिच्या कानामागून कुणीतरी बोललं.

"मुलांना घ्या... मी मागून येते."

बाईचा आवाज. धाप लागलेला. फार दमलेला.

नटीनं मान हलवली. तिनं छोट्या मुलीला उचलून होडीत दिलं आणि म्हणाली, "मुलांना घ्या. मी मागून येते."

वाद्यं थांबली. टाळी एकही नाही.

आत्यानं मागं वळून पाहिलं.

कुणीच नव्हतं. नुसती भिंत.

टप... टप... टप...

ओल्या कपड्यांतून पाणी ठिबकावं तसा आवाज. अगदी हाताच्या अंतरावर. आत्यानं बॅटरी खाली धरली. फळ्या कोरड्या ठणठणीत.

आवाज मात्र चालूच.

प्रयोग संपल्यावर दिग्दर्शकानं तिला गाठलं.

"ताई, हे वाक्य कुठून आणलंत?"

"मी ते सांगितलंच नाही."

"मला विंगेतूनच ऐकू आलं, ताई," नटी खाली बघत म्हणाली. "मला वाटलं, तुम्हीच."

दिग्दर्शकानं सुस्कारा सोडला. "उद्यापासून येऊ नका. आराम करा."

आत्यानं वाद घातला नाही. तेवढं त्राणच नव्हतं. पिशवी उचलून ती मागच्या दाराशी आली. तिथं लेकीचा हात धरून प्रेक्षकांतली एक म्हातारी उभी होती. वाक्यं पुरवणारी बाई कोण, हे तिनं दारावर विचारून घेतलं होतं.

"ते वाक्य तुम्हाला कुणी दिलं?" म्हातारीनं विचारलं.

"कुठलं?"

"मी मागून येते." म्हातारीनं लेकीचा हात घट्ट आवळला. "मी चार वर्षांची होते. तिनं मला होडीत दिलं आणि हेच म्हणाली. मी हे कुणालाच सांगितलेलं नाही. हिलाही नाही."



"का नाही सांगितलं?" आत्यानं विचारलं.

"होडी दूर गेली तरी मी ओरडत होते, ती येतेय, थांबा. होडीतल्या मोठ्या माणसांनी माझं तोंड दाबलं. मग मी गप्पच राहिले."

दिग्दर्शक मागं उभा राहून ऐकत होता. त्यानं आत्याला कामावर ठेवून घेतलं. लेखकानं तोंड वाकडं केलं, पण वाक्य बदललं.

पुढच्या रविवारी नटी नवं वाक्य बोलली. आत्याच्या मागे कुणीतरी लांब श्वास सोडला...

मग काहीच नाही. ठिबकणंही थांबलं.

सुटली बिचारी, आत्याच्या मनात आलं. तिनं चपला काढल्या, पाय लांब केले.

तिसरा अंक सुरू झाला, जहाज बुडण्याआधीच्या रात्रीचा. जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकणारा माणूस झोकांड्या खात आला. नाटकात तो नशेत भट्टी विझू देतो.

आणि आत्याच्या डाव्या खांद्यामागे... कुणीतरी खाकरलं.

पुरुषाचा आवाज.

"ताई, मी प्यालो नव्हतो."

त्याच आठवड्यात आत्यानं काम सोडलं. भीतीनं नाही, असं ती सांगते.

"नाटकात बावीस माणसं आहेत रे. बावीस जणांचं ऐकायचं बळ माझ्या अंगात उरलं नव्हतं."

आता ती आमच्याकडेच राहते. कधी कधी माझ्याशी बोलता बोलता मध्येच गप्प होते. मान डावीकडे वळवते. तिथं कुणीच नसतं...

"हं," ती थकलेल्या आवाजात म्हणते. "सांगा. ऐकतेय."