अंथरुणातली पंधरा मिनिटं

"वहिनी, आईला तुझ्या भरवशावर कशी ठेवू? सकाळी पंधरा मिनिटं तर तू स्वतःच अंथरुणात लोळत असतेस!"

धाकट्या दिराने शुश्रूषागृहाचा फॉर्म टेबलावर ठेवला. खुब्याच्या ऑपरेशननंतर खाटेवर पडलेल्या सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पण डगमगेल ती थोरली सून कसली! शिवणाच्या मशीनवरून उठून तिने फॉर्मची नीट घडी घातली आणि दिराच्या खिशात ठेवली.

"दीड महिना दे. त्या आपल्या पायांनी दारापर्यंत आल्या नाहीत, तर तू म्हणशील तिथे पाठवू."

सासूबाईंचा तिच्यावरचा राग अठरा वर्षं मुरलेला होता. तीस वर्षं छापखान्यात पुस्तकं बांधलेली ती बाई. पहिली पाळी कधी चुकवली नाही. डोळा उघडला की पाय जमिनीवर, हाच त्यांचा धर्म! त्या धर्मापायीच पहाटे ताडकन उठल्या, भोवळ आली आणि पडल्या. आणि थोरली? गुडघे पोटाशी घेऊन, हात ताणून, सावकाश कुशीवर वळून मग कुठे उठणार! 'आळशी' हे त्यातल्या त्यात प्रेमाचं विशेषण होतं. खरं शल्य निराळंच होतं... चौदा वर्षांचा धाकटा दीर अपेंडिक्स फुटून मरणाच्या दारात असताना ही त्याला शेजाऱ्यांच्या हवाली करून बारा दिवस माहेरी जाऊन बसली होती! निदान घरात तरी सगळ्यांना तसंच ठाऊक होतं.

डॉक्टरांना काय चालेल, काय नाही ते विचारून तिने सुरुवात केली. निजण्यापूर्वी पायांची बोटं स्वतःकडे ओढायची, सोडायची. खांदे सैल, श्वास लांब. सकाळी पुन्हा तेच, मग काठावर बसून शंभर आकडे मोजायचे, आणि मगच उभं राहायचं.

"अगं, शंभर आकड्यांत मी वीस पुस्तकं शिवायची!" सासूबाई करवादायच्या.

"मग आज एकच शिवा, पण नीट," थोरली म्हणायची आणि खाली चटईवर स्वतःचं अंग ताणायला लागायची.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. कमरेखाली उशी सरकवताना थोरलीचे ओठ कळेने आवळले गेले होते. रोजच आवळले जात असणार. आपण कधी पाहिलंच नाही!

"हे सगळं तुला शिकवलं कुणी गं?"

"इस्पितळातल्या व्यायामाच्या बाईंनी," ती बेसावधपणे बोलून गेली.

"तू कधी होतीस इस्पितळात?"

थोरली उशी सारखी करू लागली. दारात दाढी करत उभा असलेला तिचा नवरा मात्र आता गप्प बसेना.

"आई, तिने मला शपथ घातली होती, पण आता पुरे झालं! मी रात्रपाळीहून यायचा होतो, तू पहाटेच छापखान्यात. लिफ्ट बंद. तापाने शुद्ध हरपलेल्या त्या पोराला पाठुंगळी घेऊन ही चार मजले उतरली. त्याला डॉक्टरांच्या ताब्यात दिलं आणि तिथेच कोसळली. मणका सरकला होता. बारा दिवस ती माहेरी नव्हती, त्याच इस्पितळात वरच्या मजल्यावर होती! शेजारी, माहेर, हे सगळं तिनेच मला सांगायला लावलं!"

सासूबाई सुनेकडे वळल्या. "आणि मी अठरा वर्षं... अगं, बोलली का नाहीस?"

"त्याचे बाबा गेल्यापासून तो सारखा म्हणायचा, मी सगळ्यांना ओझं झालोय," थोरलीचा स्वर शांत होता. "माझ्या पाठीचं कळलं असतं तर त्याने तेच मनात धरून ठेवलं असतं. तुमचं बोलणं लागायचं, आई... फार लागायचं. पण पोर शिकलं ना?"

सासूबाईंनी तिचा हात ओढून डोळ्यांना लावला आणि दोघी मायलेकींसारख्या कितीतरी वेळ रडल्या.

सहाव्या रविवारी धाकटा आला, तेव्हा दार आईनेच उघडलं. वॉकरवर भार टाकून, ताठ मानेने! तो आनंदाने काही बोलणार, तोच तिने त्याला सारं सांगून टाकलं. थोरली मागून "आई, नको ना" म्हणत राहिली, पण ऐकतंय कोण!

एवढा मोठा बाप्या, उंबऱ्यातच खाली बसला. "वहिनी... मी तुला आळशी म्हणालो गं!" आणि चौदा वर्षांच्या पोरासारखा हुंदके देऊ लागला.

थोरली कळवळली. पदर खोचून, हात पुढे करून ती त्याच्याकडे वाकणार, इतक्यात सासूबाईंनी वॉकर मध्ये घातला.

"थांब. तू नाही उचलायचंस त्याला," त्या म्हणाल्या. "उठेल तो आपला आपण."