स्प्रिंगच्या पेटीतली ढुमढुम

दार उघडलं तर समोर एक मुलगा, माझ्याच वयाचा. कुशीत लांबलचक लोखंडी पेटी, झोपलेलं बाळ आणल्यासारखी. तिचा कोपरा चौकटीला जरासा लागला मात्र... आतून धडाड् — झंय्यय्य.

"वीज घेऊन आलायस का?" मी विचारलं.

"रिव्हर्ब. दादा आहेत का? अदलाबदलीचं बोलणं झालंय."

रिव्हर्ब म्हणजे आवाजामागचा घुमारा. माझ्या दादाने मागच्या खोलीत भिंतींना जाड रजया टांगून स्टुडिओ केलाय. तिथे आवाज अगदी कोरडा येतो, म्हणून घुमारा वरून मिसळावा लागतो. त्यासाठी दादाकडे पंज्याएवढी डिजिटल डबी होती. ह्याच्या पेटीत मात्र खऱ्याखुऱ्या स्प्रिंगा. दादाला त्या हव्या होत्या, आणि ह्याला कार्यक्रमांना न्यायला हलकी डबी.

"जपून हं," पेटी टेबलावर ठेवत तो म्हणाला. "टेबलाला टिचकी मारली तरी ही गडगडते."

दादाने मला माइकसमोर उभं केलं. "आधी डबी, मग पेटी. ओळ एकच."

डबीतून मी छान वाटले, गुळगुळीत. पेटीतून... अगं बाई, ही मी? जिथे मी थांबले तिथून माझा आवाज एकटाच थरथरत पुढे चालत गेला. मला ती पेटी तिथल्या तिथे हवीशी झाली. आणि पेटीवालाही... जरासा.

पण ओळीच्या खाली काहीतरी होतं. ढुम... ढुम... ढुम.

दादाने वायर बदलली. पंखा बंद केला. मग स्वतः गायला, तर पेटी गप्प. मी गायले, पुन्हा ढुम.

"हिच्याच आवाजाला का बरं?" दादा हेडफोन दाबत पुटपुटला. "नाही जमायचं, मित्रा. माल खराब आहे. घेऊन जा."

पेटीवाल्याचा चेहरा उतरला. "घरी तर चांगली वाजत होती," म्हणत तो वायर गुंडाळायला लागला. गुंडाळून झाली की तो जाणार — पेटीसकट, कायमचा. आणि मला तर त्या ढुमचा छडा लावल्याशिवाय चैन पडणार नव्हतं.

"शेवटचं एकदा," मी म्हटलं. त्याने वायर पुन्हा जोडली आणि तो टेबलाशी स्टुलावर बसला. ह्या वेळी मी गाता गाता खाली वाकून पाहिलं.

टेबलाखाली त्याचा पाय. मोज्यातून अंगठा बाहेर, आणि तो टेबलाच्या पायावर ढुम, ढुम. मी मध्येच थांबले, पाय थांबला. मी हळूच सूर लावला, पाय सुरू. त्याला पत्ताच नाही; तो माझ्याकडे बघत होता.

हे दादासमोर सांगितलं असतं तर त्याने बिचाऱ्याला जन्मभर चिडवलं असतं.

"दादा, फ्रिज बंद करून ये ना. त्याचाच असेल."

दादा गेला.

"तुझा पाय," मी म्हटलं.

"काय झालं त्याला?"

"टेबलाला लागतोय. मी गाते तेव्हाच."

त्याने खाली पाहिलं. कान लाल. "सवय आहे. गाणं ऐकलं की..."

"दादा गायला तेव्हा कुठे गेली होती सवय?"

"दादा पण... चांगले गातात."

"खोटारडा."

तो हसला. "तू गातेस ना... तेव्हा वाटतं, ओळ संपू नये. मग पायच मोजायला लागतो, किती उरलीय ते."

मी उगाचच माइक सरळ केला.

दादा आला. पेटीवाल्याने दोन्ही पाय स्टुलावर घेऊन मांडी घातली. मी गायले. एक ढुम नाही.

"फ्रिजच," दादा ऐटीत म्हणाला. "मला वाटलंच होतं."

सौदा झाला. डबी खिशात टाकून तो दाराशी बूट घालायला बसला. नाड्या जरा जास्तच वेळ बांधत होता.

"आता तुमच्याकडे यायला काही कारण उरलं नाही," तो नाडीलाच म्हणाला.

"कारण लागतं ते पाहुण्यांना," मी म्हटलं. "तू... असाच आलास तर चालेल मला. आवडेल."

तो नुकतेच घातलेले बूट पुन्हा काढायला लागला.