तांदळातलं नाव

चिपळुणात आता कुणाचं काही हरवत नाही. फोन वाशिष्ठीत पडो, लॅपटॉपवर चहा सांडो, नातवानं सगळ्या फायली उडवून लावोत, कुणी कपाळाला हात लावत नाही. ‘संचयात असेल की,’ म्हणतात आणि नव्या यंत्रावर सगळं जसंच्या तसं परत येतं. निदान जसंच्या तसं येतं असं सगळे धरून चालतात, आणि धरून चालण्यात आपला हात कोण धरणार?

वैजयंती शेंबेकरांच्या घरी पूर्वी बॅकअप घेणं हा सणाचा भाग होता. दसऱ्याला घरच्या कॉम्प्युटरला झेंडूचा हार घालायचा, हळदकुंकू लावायचं आणि त्याच दिवशी वर्षभराचे फोटो, व्हिडिओ वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायचे. शिस्त चोख होती, चूक एकच झाली. पूजेला दोघं शेजारी बसतात म्हणून डिस्क कॉम्प्युटरच्याच खालच्या कप्प्यात राहायची. पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा मूळ आणि नक्कल दोन्ही एकदमच बुडाली. भिजलेला फोन तांदळात ठेवतात, म्हणून वैजयंतीबाईंनी डिस्क तांदळाच्या डब्यात पुरली. पाण्यानं तिच्यात जे काही शिल्लक ठेवलं होतं ते कोंड्यानं संपवलं.

त्या पुरानंतर गावातल्या सगळ्या घरांच्या फायली सारसंचयात गेल्या; वैजयंतीबाईंच्या लग्नाचा व्हिडिओ नातेवाइकांकडच्या प्रतीवरून तिथे चढला. जगातल्या घराघरांतलं सगळं साठवायला जागा आणि वीज पुरेना, तेव्हा शास्त्रज्ञांनी हा तोडगा काढला होता. माणसांची आयुष्यं पुष्कळशी सारखीच असतात. पोहे कसे करावेत हे दर घराच्या नावावर लिहायची गरज नाही. एकदाच लिहावं, आणि तुमच्या घरापुढे ‘वर ओलं खोबरं’ एवढंच टिपावं. तसा संचय तुमच्या लग्नाचा व्हिडिओ ठेवतच नाही. लाखो लग्नांवरून बनवलेलं एक ‘सर्वसाधारण लग्न’ त्याच्याकडे असतं, आणि तुमचं त्याहून कुठे वेगळं होतं तेवढंच तो टिपून घेतो: चेहरे, आवाज, शालूचा रंग. तुम्ही मागितलंत की दोन्ही मिसळून व्हिडिओ नव्यानं विणून देतो. कल्पना हुशार आहे, नाही कशाला म्हणा. फक्त ती अंगाशी आल्याशिवाय कळत नाही.

वैजयंतीबाईंना ती मुलीच्या लग्नाच्या बोलणीत कळली. ऋताचं ओजसशी ठरलं होतं. त्याची आई नलिनीताई हौशी आणि बोलायला गोड. त्यांना सुनेचं नाव इरावती ठेवायचं होतं. कागदोपत्री काही बदलायचं नाही, त्या समजावत होत्या. ताटात तांदूळ पसरून ओजस अंगठीनं नाव लिहील, घरात त्या नावानं हाक मारू, झालं. ऋताचा चेहरा उतरला, पण तिला नाही म्हणता येईना. कारण सोयरीक जुळली की संचय दोन्ही घरांना एकमेकांचे सोहळे दाखवतो, आणि नलिनीताईंनी विहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ आवडीनं पाहिला होता. तुमच्याही ताटात जान्हवी लिहिलंय की, त्या म्हणाल्या.

लिहिलं होतं, पण मी राहू दिलं नव्हतं, असं वैजयंतीबाईंनी सांगितलं. मग सगळ्यांसमोर व्हिडिओ लावला गेला. नवरा, जयवंत, गेल्यापासून त्यांनी तो पाहिला नव्हता. पडद्यावर जयवंतनं तांदळात ‘जान्हवी’ लिहिलं आणि शेजारच्या नवरीनं लाजून मान खाली घातली. नवरी हुबेहूब त्यांच्यासारखी दिसत होती. त्यांना असा संताप आला की हातातली कपबशी त्यांनी आदळूनच खाली ठेवली.

घडलं होतं ते वेगळंच. जयवंतच्या काकांनी आग्रह करून ते नाव लिहायला लावलं होतं. वैजयंतीबाईंनी तळहातानं तांदूळ फरकन् सपाट केले, निम्मे ताटाबाहेर सांडले, आणि उरलेल्यांत त्यांनी बोटानं स्वतःचं नाव लिहिलं. कार्यालयातले सगळे माना उंचावून बघायला लागले. मग जयवंत खो खो हसला आणि म्हणाला, “बरं झालं. ही जान्हवी कोण, मलाही माहीत नव्हतं.” त्या एका हसण्याच्या जोरावर त्यांनी संसार केला होता. पडद्यावरचा जयवंत मात्र नुसता मंद हसत होता, अल्बमातले सगळे नवरदेव हसतात तसा.

पाहुणे गेल्यावर ऋता म्हणाली, “आई, मला बरं वाटावं म्हणून काहीतरी रचून सांगू नकोस. तू नमलीस त्यात काय एवढं, मीही नमेन.” हे त्यांना फार लागलं.

हेरंब हा वैजयंतीबाईंचा धाकटा भाऊ. सारसंचय घडवणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी तो एक, आणि नवरीचा मामा म्हणून आधीपासूनच घरी येऊन राहिलेला. बाईंनी त्याला स्वयंपाकघरात, ओट्याशी गाठलं. तुझ्या संचयानं माझं लग्न बदललं, असं त्यांनी तोंडावर सांगितलं.

बदललं नाही, सावरलं, असं तो शांतपणे म्हणाला. जुन्या व्हिडिओंत खरखर असते, डाग असतात. ते बुजवावेच लागतात. खरखर कुठली आणि खरं कुठलं हे ठरवायला एक उंबरठा आखलेला आहे. एखादी गोष्ट पुरेशा ठिकाणी घडलेली दिसली तर ती खरी, क्वचितच कुठे दिसली तर ती यंत्राची चूक. साठवतानाच हे होतं, आणि पुढे दर वेळी कुणी व्हिडिओ मागवला की तो सर्वसाधारण लग्नाकडे आणखी केसभर सरकतो. सहसा कुणाला कळतही नाही, कारण बहुतेकांची लग्नं तशीच झालेली असतात.

“म्हणजे एकटीनं केलं ते घडलंच नाही?”

“घडलं असेल, ताई. पण टिकत नाही.”

“आणि तू? तू माझ्या पाठीशी उभा होतास. तुला काय आठवतं?”

हेरंबनं डोळे मिटून आठवून पाहिलं. मग त्याचा आवाज उतरला. “मला तू मान खाली घातलेलीच आठवतेस.”

तो खोटं बोलत नव्हता. परगावी असताना घरची आठवण आली की त्यानं तो व्हिडिओ कितीदा तरी पाहिला होता. माणसाची आठवणही दर खेपेला नव्यानं विणली जाते आणि हाताशी असेल तो धागा घेते, हे त्याला पुस्तकातून ठाऊक होतं. स्वतःवर ते पहिल्यांदाच बेतलं होतं, आणि बहिणीकडे बघायचं त्याला धाडस होईना.

“उंबरठा ओलांडायला किती जणी लागतील?” बाईंनी विचारलं.

“हजारात चार-पाच.”

“मग त्या मिळवायला हव्यात.”

लग्नाच्या सकाळी मुलीची नथ नीट करताना त्या म्हणाल्या, “माझ्याकडे पुरावा नाही, नुसता शब्द आहे. तुला नाव आवडलं तर खुशाल घे. पण आईनं मान खाली घातली म्हणून तू घालू नकोस. मी घातली नव्हती.” ऋतानं आरशातून त्यांच्याकडे पाहिलं.

अक्षता पडल्या, जेवणं झाली आणि लक्ष्मीपूजनाचं ताट आलं. ओजसनं अंगठीनं ‘इरावती’ लिहिलं. अक्षर सुरेख होतं. नलिनीताई मायेनं पुढे वाकल्या. ऋतानं एकदा आईकडे पाहिलं, तळहात ठेवला आणि सगळं पुसून टाकलं. पांढरे तांदूळ ताटावरून उसळले, नलिनीताईंच्या पैठणीवर, पायांवर, फरशीवर सांडले. उरल्यासुरल्या तांदळात तिनं लिहिलं, ऋता. नलिनीताईंचा चेहरा पडला. ओजस गोंधळला, मग हळूच म्हणाला की हेच बरं आहे.

मागे उभा असलेला हेरंब खाली वाकून फरशीवरचे दाणे बघत होता. सरळ झाला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. “ताई,” तो म्हणाला, “तेव्हा तांदूळ माझ्या नव्या बुटात गेले होते. घरी जाईपर्यंत टोचत होते.” बाईंनी त्याचा हात घट्ट धरला. संचयात त्या बुटांची कुठेच नोंद नव्हती.

मांडवपरतणीला ऋता माहेरी आली त्या दिवशी संचयातून लग्नाचा अल्बम आला. ती, आई आणि मामा अशा तिघांनी मिळून पाहिला. ओजस ‘इरावती’ लिहितो, ऋता लाजून मान खाली घालते. ऋता स्वतःकडे बघतच राहिली आणि म्हणाली, ही किती गोड दिसतेय, हिच्यावर कुणीही विश्वास ठेवेल.

तेवढ्यात नलिनीताईंचा फोन आला. त्यांनी अगदी प्रेमानं विचारलं, “इरावती आहे का?”

वैजयंतीबाईंनी सांगितलं की इथे त्या नावाचं कुणी नाही. नलिनीताई हसल्या. सकाळपासून येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या अल्बम दाखवत होत्या. असं काय करता विहीणबाई, त्या म्हणाल्या, ओजसनं लिहिलं तेव्हा मी शेजारीच नव्हते का, किती छान लाजली पोर. त्यांच्या आवाजात कुठेच लबाडी नव्हती, आणि त्याचीच वैजयंतीबाईंना भीती वाटली.

ऋतानं फोन हातात घेतला. “अहो आई, मी ऋता बोलतेय. ते नाव मी पुसलं. तांदूळ तुमच्या पैठणीवर सांडले होते. कपाटातून काढा आणि निऱ्या झटकून बघा.”

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. मग निऱ्या झटकल्याची फडफड.

“आहेत चार दाणे,” नलिनीताई म्हणाल्या. “अक्षताच असणार, दुसरं काय?”

“अक्षता आम्ही कुंकवात भिजवल्या होत्या, अहो आई,” ऋता म्हणाली. “तुमच्या हातातले दाणे कुठल्या रंगाचे आहेत?”

ऋतानं फोन ठेवला नाही. ती उत्तराची वाट बघत उभी राहिली.